लेहचा प्लॅन, दुसऱ्यांदा

परवा रात्री जेवणं आटोपून ओटा आवरत होते, तेवढ्यात दादाचा फोन. "एक्सेल झाली का तयार?" हॅलो नाही, काही नाही.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला डोंगर दाखवले ते त्यानेच. कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर घेऊन गेला होता. कोकणकड्यावर पालथं पडून खाली दरीत बघताना माझे दोन्ही पाय घट्ट धरून बसला होता. मी "सोड रे" म्हणत होते आणि तो सोडत नव्हता.

तर आम्ही लेहला जातोय. ऑगस्टअखेर निघायचं आणि गणपतीच्या आधी परत. घरातली जी मंडळी हे वाचतायत त्यांच्या भुवया आत्ता वर गेल्या असतील. पुन्हा लेह? आणि तेही दादाला घेऊन?

२००८ साली "दादाला लेह बाधलं" हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण बाधलं कसं, हे मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. दादानेही नाही. प्लॅन करायला बसले तेव्हा लक्षात आलं की ते आधी लिहून काढल्याशिवाय एक्सेलची पहिली ओळसुद्धा पुढे सरकणार नाही.

लेहचं ऊन फार फसवं. वर्षभरात तिथे साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवसात पडतो तेवढा. बाकी दिवस लख्ख. आकाश इतकं निळं की फोटोत खोटं वाटावं. डोक्यावर राजवाड्याचे नऊ मजले, खाली बाजारात रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसलेल्या लडाखी बायका, आणि सगळ्यावर ते स्वच्छ ऊन. हवा कोरडी, घाम नाही, मरगळ नाही. अशा गावात काही होईल असं मनातच येत नाही. प्रत्यक्षात साडेतीन हजार मीटरवर आपल्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच प्राणवायू असतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. लेहचा विमानतळ त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, आणि विमान तुम्हाला दिल्लीहून तासा-दीड तासात तिथे नेऊन ठेवतं. शरीराला कळतच नाही काय झालं ते.

२००८ च्या जूनमध्ये आमच्याकडे मोजून सहा दिवसांची रजा होती. प्लॅन माझा. तेव्हाही एक्सेलच, आणि तिच्यात एकही रकाना रिकामा नव्हता. सकाळी विमान उतरलं, दुपारी आम्ही शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढत होतो. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. "दोन दिवस काही करू नका, पडून राहा" असं गेस्ट हाऊसच्या काकांनी सांगितलं होतं. मी हसून मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने नाश्ता केला नाही. डोकं ठणकतंय म्हणाला. रात्रभर झोप नाही. "आजच्या दिवस राहू दे ना, उद्या जाऊ." जीपचे पैसे भरलेले होते. उद्याचा दिवस नुब्राचा होता. माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं, उलट अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. मी म्हणाले, "मला कड्यावर नेणारा तू, आणि आता नुसतं जीपमध्ये बसायला घाबरतोस?"

हे ते वाक्य.

तो काही बोलला नाही. बूट घातले आणि जीपमध्ये जाऊन बसला.

खारदुंग ला लेहपासून चाळीसेक किलोमीटर. तेवढ्यात रस्ता अठराशे मीटरहून जास्त वर चढतो. तिथे हवा निम्मीच. वर पिवळी पाटी, १८३८० फूट, जगातला सर्वात उंच मोटररस्ता. त्या पाटीखाली आमचा फोटो आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला. मी दोन्ही हात वर करून उभी आहे. दादा पाटीच्या खांबाला टेकलाय. आत्या तेव्हा म्हणाली होती, काय ऐटीत टेकून उभा राहिलाय बघा! ऐट कसली, त्याला उभं राहवत नव्हतं.

रात्री खोकला सुरू झाला. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला. पहाटे त्याचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मी खाली धावत जाऊन काकांना उठवलं. हॉस्पिटलात प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात पाणी व्हायला लागलंय, खाली न्या, हाच खरा उपाय. पुढच्या विमानाने दिल्ली. आणि दिल्लीत उतरल्यावर काही तासांत तो माणसात आला. चहा मागितला.

घरी त्याने सांगितलं, "मला लेह बाधलं." माझं ते वाक्य त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

आणि गंमत ऐका. ती पाटी चुकीची होती. मोजणी झाली तेव्हा खारदुंग लाची उंची ५३५९ मीटर भरली, म्हणजे साधारण १७५८० फूट. जवळजवळ आठशे फुटांचा फरक. पुढे लडाखमध्येच उमलिंग ला ५७९९ मीटरवर गाडीरस्त्याने जोडली गेली, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. ज्या आकड्यासाठी मी दादाला ओढत नेलं तो आकडाच खरा नव्हता. खरा असता तरी काय म्हणा.

असो. यंदा जायचं हे दादानेच काढलं. तो आता त्रेपन्न वर्षांचा आहे. मी सरळ नाही म्हणून टाकलं. तो म्हणाला, "अगं, मी लेह पाहिलंच नाही. मी फक्त हॉस्पिटलचं छत पाहिलंय." मग आम्ही दोघं त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ज्याला एकदा हे झालंय त्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. विमानाने थेट लेह अजिबात नाही. हळूहळू चढायचं, औषधं त्यांनी लिहून दिलेलीच घ्यायची, आणि पहिलं लक्षण दिसताच खाली उतरायचं, चर्चा नाही.

म्हणून नवा प्लॅन रस्त्याने. मनालीचा रस्ता मी आधीच खोडला, कारण त्या वाटेवर लोक मुक्काम करतात ते सरचू सव्वाचार हजार मीटरच्याही वर आहे. श्रीनगरचा रस्ता जास्त समंजस. श्रीनगर १५८५ मीटर, म्हणजे जवळपास कळसूबाईचा माथाच! तिथे दोन रात्री. मग सोनमर्गला एक. मग झोजी ला ओलांडून कारगिल, २६७६ मीटर, तिथे दोन. मग फोटू ला. ही ४१०८ मीटरची खिंड या रस्त्यावरची सर्वात उंच जागा, पण तिथे थांबायचं नाही, पलीकडे उतरून आल्चीला दोन रात्री. आल्ची लेहपेक्षा खाली आहे आणि तिथल्या देवळातली शेकडो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं बघायला दोन दिवस काही जास्त नाहीत. दिवसा कितीही चढा, झोपायची जागा एकदम वर जाता कामा नये, हे यातलं मुख्य सूत्र. मागच्या वेळी हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलेलं होतं.

आत्याला श्रीनगर ऐकून धसका बसलाय. २०२५ च्या एप्रिलात पहलगामला जे झालं ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. आत्या, निघण्याच्या आठवड्यात रस्त्याची आणि तिथली खबर घेऊ. जरा जरी शंका वाटली तर तिकिटं रद्द. हे इथे सगळ्यांसमोर लिहून देते.

आता तुम्ही म्हणाल, यात साहस कुठे आहे? आहे की. लेहला पोचल्यावर निम्मूच्या बाजूला झंस्कार नदीत राफ्टिंग, तेही लेहपेक्षा खालच्या उंचीवर. आणि सगळं ठीक असेल तर लिकीरहून यांगथांगपर्यंत एक दिवसाची चाल, सोप्या खिंडींची. खारदुंग ला नाही. पँगाँग नाही. दादाने पँगाँगसाठी थोडी कुरकुर केली, पण वहिनीने फोन हातात घेतला आणि विषय संपला. :-)

कोविडात घेतलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कपाटात पडून होता, त्यात नवे सेल घातले. पण दादाला मी सांगितलंय, यंत्राचा आकडा नंतर. सकाळी उठल्यावर तुला विचारणार, आणि तू "डोकं दुखतंय" म्हणालास की त्या दिवशी गाडी निघणार नाही. पैसे भरलेले असले तरी.

काल रात्री एक्सेल पाठवली. लेहच्या पहिल्या दोन दिवसांसमोर मी "काही नाही" असं लिहिलं होतं. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन.

"हे दोन दिवस रिकामे कसे काय?"

"तसेच आहेत ते."

"तुझ्या एक्सेलमध्ये?"

मग मी ते बोलले. अठरा-एक वर्षं राहिलेलं. जीपचं, कड्याचं, त्या वाक्याचं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मला आठवतंय ते. राग आला होता तुझा. दिल्लीत तू रात्रभर खुर्चीवर बसून होतीस, तेव्हा गेला."

मला काही सुचेना. तोच पुढे म्हणाला, "त्या दोन दिवसांत बाजारात जाऊन भाजीवाल्या बायकांशी गप्पा मारता येतील का? का तेही बंद?"

"हळूहळू चाललास तर येतील."

मग त्याने ती ओळ बदलून फाईल परत पाठवली. आता तिथे "काही नाही (बाजार, हळूहळू)" असं आहे. बुकिंग या आठवड्यात करतेय.