देणारा कोण?

आमच्या आज्ज्याला सगळं दिलेलंच ठाऊक. बलुतं कुणब्यानं दिलेलं, भाकरी वाड्यावरनं दिलेली, नावसुद्धा गावाला चालंल असंच. वतनाचा तुकडा होता, म्हणून रात्री-अपरात्री हाळी आली की काठी-घोंगडी घेऊन पळायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं! तोवर बाबासाहेबही राहिले नव्हते.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यातली. तिथं पोरांना घटनेचा सरनामा वाचून दाखवत होतो. शेवटाला आलं, ‘स्वतःप्रत अर्पण’. कडंला बसलेली एक म्हातारी म्हणाली, “म्हंजी कुनी दिलं रं कुनाला?”

दोस्तांनो, सरनाम्याची सगळी मेख ह्या प्रश्नात आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत हाच घोळ चालला होता. ह. वि. कामत म्हणाले, सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करा. मतं मोजली. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. देव पडला! गांधींचं नाव घालायची सूचनाही मागं घेतली गेली. देव नाही, राजा नाही, महात्मा नाही. मग राहिलं कोण? ‘आम्ही, भारताचे लोक.’

आता हा ‘आम्ही’ बघा. आमच्याकडं ‘सगळं गाव जमलं’ म्हणायचे, तेव्हा त्यात महारवाडा, मांगवाडा धरलेला नसायचा. गाव म्हणजे आम्हांला वजा करून उरतं ते. सरनाम्यातल्या ‘आम्ही’त ही वजाबाकी नाही. देणाराही आपण, घेणाराही आपण. उपकार कुणाचे नाहीत.

न्याय तिथं तीन सांगितलेत. आधी सामाजिक, मग आर्थिक, मग राजनैतिक. आमच्याकडं उलटी वरात आली. मत १९५२ पर्यंत हातात पडलं, बाकीचे दोन्ही वेशीवरच ताटकळले. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. बारामतीकडनं इंदापुराकडं येतो. कालव्याचं पाणी उसाला, ऊसवाला कारखान्याचा सभासद, सभासदाला सोसायटीचं कर्ज. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्या हातात खुरपं, नायतर कोयता. ‘संधीची समानता’ कुठं अडते ते चारीच्या कडंनं चालत गेलं की कळतं. त्याला पुस्तक लागत नाही.

१९६० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं, सरनामा घटनेचा भागच नाही. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात म्हणालं, आहे. असो. कोर्टाला ठरवायला तेरा वर्षं लागली.

मला जास्त मोलाचा वाटतो तो ‘बंधुता’ हा शब्द. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. १९४८ च्या मसुद्यात बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं तो घातला. ज्याला गावानं कधी भाऊ म्हटलं नाही, त्या माणसानं! आणि ही चीज कचेरीत अर्ज करून मिळत नाही.

बाकीच्यासाठी अर्ज करावेच लागतात. वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा अर्ज परवा मीच लिहिला. छापील कागदावर ‘विनंती अर्ज’ असं होतं. मी ‘विनंती’ खोडली. क्लार्क म्हणाला, नवीन कागदावर नीट लिहून आणा. मी म्हणालो, हाच घ्या आणि पोच द्या. पोच दिली नाही. सोमवारी आम्ही पंधरा-वीस जण जाणार आहोत.