नवेगावबांधच्या काठी, आईसोबत

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव आम्ही भावंडांनी प्रथम पाहिला, तो आईवडिलांचे बोट धरून. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी या पाण्यावर उतरतात.

गेल्या हिवाळ्यात स्मृतिभ्रंश झालेल्या आईला घेऊन आम्ही पुन्हा तेथे गेलो. वडील आता नाहीत. काठावर बसताच मी विचारू लागलो, “आई, हा तलाव आठवतो? आपण कुठे जेवलो होतो?” ती गोंधळली. पदराचे टोक चाळवीत म्हणाली, “घरी चल.”

धाकटी बहीण हळूच म्हणाली, “दादा, परीक्षा नको घेऊस.”

मी गप्प झालो. पाण्यावरून गार वारा येत होता. बऱ्याच वेळाने आई आपणहून बोलली, “तुझ्या बाबांना थंडी सोसत नसे. मी शाल आणली होती.” आणि अंगावरची शाल काढून तिने माझ्या खांद्यावर घातली.

घरातील वृद्धांना जुन्या ठिकाणी अवश्य न्यावे. पाठीला टेकण असलेली खुर्ची, औषधे, पाणी सोबत असावे. दिवस मावळण्यापूर्वी परतावे. तेथे प्रश्न मात्र विचारू नयेत. नुसते जवळ बसावे. आठवले तर ऐकावे. न आठवले तरी तो गार वारा त्यांना लाभतोच.