फुटलेला तुकडा भंगारात देऊ नका

'लाइन जुनी झाली, बदला' हा शेरा पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी वर्षानुवर्षं लिहिला. काटई-बदलापूर रस्त्यावर बारवी धरणाचं पाणी नेणारी पोलादी लाइन फुटून कारंजं उडालं की कारण ठरलेलंच: वय. आज मी तो शेरा इतक्या सहज लिहिणार नाही.

एकाच वेळी टाकलेल्या पाइपांतले ठरावीकच टप्पे पुन्हा पुन्हा तडकतात, शेजारचे धड राहतात. वय तर सगळ्यांचं सारखंच! मग फरक शोधायचा तो मातीत, जोडात, दाबात. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीकाठची माती कारखान्यांच्या सांडपाण्यानं भिजलेली आहे. अशा कोंदट मातीत काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि ते पोलाद पोखरतं. रुळांजवळ आणखी एक भानगड. आपल्या लोकल पूर्वी 1500 व्होल्ट डीसीवर धावायच्या. रुळांतून जमिनीत झिरपलेला तो प्रवाह पाइपात शिरायचा आणि जिथून बाहेर पडायचा तिथलं लोखंड खायचा. एक अँपिअर वर्षभरात सुमारे नऊ किलो. डीसी गेला, पण तेव्हा पडलेले खड्डे राहिले. तडा अशा खड्ड्यातून सुरू होऊ शकतो.

त्यात आपला शटडाऊन. लाइन रिकामी करायची, पुन्हा भरायची, आत अडकलेली हवा, घाईनं फिरवलेला व्हॉल्व्ह. दर वेळी दाबाचा हिसका बसतो तो वेल्डिंगच्या जोडाला. पाणीकपातीचं वेळापत्रक आखताना हा हिशेब आम्ही कुणी मांडला नव्हता.

कॅनडात गॅसच्या लाइनी तडकल्या तेव्हा तिथल्या ऊर्जा मंडळानं रीतसर चौकशी करून 1996 मध्ये अहवाल दिला. सुटलेल्या टेपच्या आवरणाखाली भूजल साचून तडे गेल्याचं त्यात आहे. हे कळलं, कारण तडकलेलं पोलाद कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आपल्याकडे गॅस कटरनं भाग कापतात, पॅच मारतात आणि तुकडा भंगारात जातो. नळाला पाणी यायची घाई असते, हे मलाही माहीत आहे.

काही टप्पे बदलावे लागतीलच. पण अभियंता मित्रांनो, आधी एवढं करा: तड्यापासून हातभर लांब कापा, तारेच्या ब्रशनं घासू नका, तुकडा कोरडा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, जागा आणि तारीख लिहा. पवईच्या आयआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे. तुकडा तिथं पाठवा, मगच नव्या लाइनीचं टेंडर काढा.