'कधीतरी'ला तारीख द्या!

मित्रांनो, नवं वर्ष उजाडलं की संकल्पांचा नुसता पाऊस पडतो. पहाटे उठायचं, अक्षर सुधारायचं, रोज दहा गणितं सोडवायची! पण एक संकल्प मात्र कुणी वहीत लिहीत नाही. तो आपला हवेतच तरंगत राहतो. 'यंदा कुठेतरी फिरायला जायचं हं!' बघा बरं, यात ठिकाण नाही, तारीख नाही, खर्चाचा आकडा नाही. 'कुठेतरी' आणि 'कधीतरी' हे दोन शब्द आले की खुशाल समजावं, ही सहल काही घराबाहेर पडत नाही.

आमचं घर दहिसरला. मी, मुलांचे बाबा, सहावीतली धाकटी, नववीतला थोरला आणि मुलांची आजी. आजींचं वय ७६. लग्न होऊन दहिसरला आल्या, तेव्हापासून घारापुरीची लेणी बघायची त्यांची इच्छा. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "जाऊ कधीतरी." मुंबईचीच तर लेणी, कुठे पळून जातात! लेणी पळून जात नाहीत हे खरं. पण माणसाचे गुडघे? गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आजींना सांगितलं, "जिने चढणं आता दिवसेंदिवस अवघड होत जाईल." त्या काही बोलल्या नाहीत. पण नातवंडांनी ते बरोबर ऐकलं होतं.

मग धाकटीने शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर सहा रकाने आखले: कुठे, का, कधी, कसं, खर्च किती, तयारी कुणाची. घरातल्या प्रत्येकाने आपापलं ठिकाण सांगायचं. थोरल्याने चार सांगितली, आजींनी एकच!

यातला 'का' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, बरं का. विष्णुभट गोडसे हे नाव तुम्ही ऐकलंय? पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात निघाले. का? तर घरावर कर्ज होतं, ते फेडायला चार पैसे मिळवायचे होते. वाटेत बंडाची धुमश्चक्री! झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळवलेला पैसा लुटला गेला. तरी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले आणि आईवडिलांना त्यांनी गंगेचं स्नान घातलं. ही हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून आली. निघताना कारण पक्कं असलं की माणूस वाटेत हरवत नाही.

आता ठिकाणं कशी निवडायची? आम्ही तीन वर्तुळं काढली.

पहिलं वर्तुळ अर्ध्या दिवसाचं. आपली दहिसर नदी येते कुठून? तर राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून. पुलावरून तिचं काळं पाणी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी उद्यानातली तिची स्वच्छ धार एकदा जरूर पाहावी. त्याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी तिथे पावसाचं पाणी साठवायला खडकात टाकी खोदली. आणि बोरिवली-दहिसरच्या शिवेवरचं मंडपेश्वर? आत नाचणारा शिव आणि डोक्यावर पोर्तुगीजांच्या मठाचे भग्न अवशेष! एकाच खडकावर इतिहासाची दोन पानं.

दुसरं वर्तुळ पूर्ण दिवसाचं. दहिसरहून विरारची लोकल धरली की मिरा रोड, भाईंदर, नायगाव आणि चौथं स्टेशन वसई रोड. वाटेत खाडीवरचा पूल लागतो, तेव्हा खिडकी सोडू नका. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेला वसईचा किल्ला इतक्या जवळ आहे. घारापुरीही याच वर्तुळातली.

तिसरं वर्तुळ मुक्कामाचं. आमचं ठिकाण रायगड. १६७४ साली जिथे महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो गड आजींनाही पाहता येईल, कारण तिथे रोपवे आहे. शिवाय एसटीत ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून तिकीट पडत नाही. आजी ऐटीत म्हणाल्या, "मी फुकटात येणार, तुम्ही तुमचं बघा!"

ठिकाणं ठरली की कॅलेंडर घ्या. आधी परीक्षा आणि घरातली कार्यं लिहा. उरलेल्या रविवारांतून वार निवडा. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, अजिंठाही सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी. हे न बघता निघालात तर बंद दरवाजा बघून परत यावं लागेल! ऋतूही बघा. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी थांबतात. म्हणून आजींचं पान आम्ही सर्वांत पुढे घेतलं, जानेवारीचा तिसरा रविवार.

पैशांसाठी एक रिकामा डबा ठेवला. बाबांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, मुलांनी खाऊच्या पैशांतून जमेल तेवढी. हिशेब थोरल्याकडे. डब्यात किती आणि खर्च किती, हे समोर दिसलं की मुलं हट्ट करत नाहीत, हे पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि तो रविवार आला! सकाळी लोकलने चर्चगेट, तिथून गेटवे, पुढे तासाभराची बोट. बोटीत बसताच धाकटीने प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं दगावली होती, ते तिने लक्षात ठेवलं होतं. बेटावर शंभराहून जास्त पायऱ्या. आम्ही डोलीचे पैसे धरून ठेवले होते. आजी निम्म्या पायऱ्या स्वतः चढल्या आणि मग हसत डोलीत बसल्या. आत त्या सुमारे वीस फूट उंचीच्या तीन मुखांच्या शिवासमोर त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळे मिटलेत बघ त्याचे. मला वाटलं होतं, भीती वाटेल. इथे तर शांत वाटतं." धाकटीने घरी येऊन हे वाक्य वहीत तसंच उतरवलं.

वर्षभरात आमच्या सात ठिकाणांपैकी पाच झाली. दिवाळीच्या सुट्टीत घरात ताप आला म्हणून रायगड राहिला, आणि पाहुणे आले म्हणून वसई. ती दोन्ही यंदाच्या वहीत पहिल्या पानावर आली आहेत. सगळी यादी पुरी व्हायलाच हवी असं थोडंच आहे? पण राहिलेल्यालाही पुढची तारीख हवी.

तेव्हा दोस्तांनो, तुम्ही नागपूरला असा नाहीतर सावंतवाडीला, तुमच्याही घरापासून तासाभरावर एखादं न पाहिलेलं ठिकाण असणारच. आज संध्याकाळी सगळे जेवायला बसले की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला आधी विचारा, "तुम्हाला कुठे जायचंय?" उत्तर आलं की वहीत लिहा आणि पुढे तारीख घाला. पेन्सिलीने घातली तरी चालेल, पण घाला!