पंपाच्या बाजूच्या दोन वायरी

न्यू जर्सीतल्या बऱ्याच घरांत बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या पायाशी, बुटांच्या खोक्याएवढा एक डबा पडलेला असतो. उन्हाळ्यात एसीच्या थंड कॉइलवरून ठिबकणारं पाणी आणि हिवाळ्यात नव्या धर्तीच्या गॅस फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचं होणारं पाणी त्यात साठतं. बेसमेंट जमिनीखाली, तेव्हा उतार मिळत नाही. टाकीतला फ्लोट वर आला की पंप सुरू होतो आणि बोटभर जाडीच्या नळीतून पाणी सिंकपर्यंत चढवतो. हा पंप मी स्वतःच साफ करतो आणि स्वतःच बदलतो. त्यातून माझं एक ठाम मत झालंय: लोक पंपाच्या मोटरची काळजी करतात, पण घर वाचतं ते बाजूने निघालेल्या दोन बारीक वायरींमुळे.

पंप अचानक मेला असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेकदा मोटर ठणठणीत असते. टाकीत बुळबुळीत थर साचून फ्लोट अडकलेला असतो, नाहीतर नळीच्या तोंडाशी असलेला, पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह घाणीने उघडा राहिलेला असतो. मग वर चढवलेलं पाणी परत टाकीत येतं, पंप तेच पाणी पुनःपुन्हा उपसत बसतो आणि त्यात मोटर खरोखरच झिजते. म्हणून नवा पंप आणण्याआधी जुना प्लगमधून काढून, झाकण उघडून, टाकी ब्रशने घासून बघावी. साफसफाईला साधं व्हिनेगर पुरतं. ब्लीच घालायचा सल्ला सर्रास ऐकू येतो, तो मला पटत नाही. फर्नेसचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यात ब्लीच पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हिनेगरपाठोपाठ ब्लीच ओतलं तरी तेच.

पण कितीही घासलात तरी पंप कधीतरी बंद पडणारच, आणि बहुधा घरात कोणी नसताना. त्यासाठीच टाकीत वरच्या पातळीवर दुसरा स्विच असतो. त्याच्या दोन वायरी थर्मोस्टॅटच्या २४ व्होल्टच्या सर्किटमध्ये जोडल्या, की टाकी भरताच यंत्र थांबतं आणि नवं पाणी तयार होणंच बंद होतं. गंमत म्हणजे या वायरी न जोडताही पंप चालतो. त्यामुळे पंप बसवणारा तो चालू करून दाखवतो आणि निघून जातो. वायरी टायने गुंडाळून तशाच राहतात. माझ्या पाहण्यात हे इतकं आलंय, की आता कोणाच्या बेसमेंटमध्ये गेलो की माझी नजर आधी तिकडेच जाते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. भर जानेवारीत टाकी भरली म्हणून हीटिंग बंद पडलं, तर घरातले पाण्याचे पाइप गोठून फुटतील. त्यापेक्षा चार बादल्या पाणी जमिनीवर सांडलेलं परवडलं. आठवडाभर घर रिकामं असेल तर हे म्हणणं बरोबर आहे. अशा वेळी तापमान उतरल्यावर फोनवर कळवणारा थर्मोस्टॅट हवा, आणि पाण्याची मुख्य तोटी बंद करून जावं हे उत्तम. पण माणसं घरात असतील तर थंडी तासा-दोन तासांत कळते. कपाटामागे झिरपणारं पाणी मात्र भिंतीला बुरशी धरेपर्यंत कळत नाही. फक्त एसीपुरती सोय हवी असेल तर स्विच कूलिंगच्या वायरीत जोडता येतो. मग हीटिंगला धक्का लागत नाही, पण हिवाळ्यातल्या पाण्याला पहाराही राहत नाही.

‘हे टेक्निशियनचं काम’, असंही कोणी म्हणेल. वायरी त्याच्याकडून जोडून घ्या, काहीच हरकत नाही. तपासणी मात्र आपण करावी. एसी चालू ठेवायचा, पंपाचा प्लग काढायचा आणि टाकीत हळूहळू तांब्याने पाणी ओतायचं. पाणी काठाला येण्याआधी बाहेरचं युनिट थांबलं तर जोडणी बरोबर आहे. नाही थांबलं तर टेक्निशियन घरात असतानाच त्याला ते दाखवावं, बिल द्यायच्या आधी.