वसंत ज्या गावचा, पथ्य त्या गावचं

नानजिंगमध्ये वसंत पंचांगात येतो फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या सुमारास, अंगणात यायला मात्र मार्च उजाडतो. आणि येतो तोही लहरी. आज दुपारी बावीस अंश, तर उद्या आठ अंश आणि दिवसभर भुरभुर पाऊस. थोडं ऊन तापलं की आम्ही पुणेकर स्वेटर धुऊन कपाटात टाकतो. इथे तसं करू लागलं तर अख्खी इमारत रागावते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे राहायला आलो. शेजारच्या आजींना माझा मुलगा इथल्या रीतीने ‘नायनाय’ म्हणतो. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या त्याच्या कॉलरमध्ये मागून दोन बोटं घालतात आणि मान चाचपतात. मान कोरडी आणि उबदार लागली तर मान डोलावतात. गार लागली तर मला बोलणी, घामाने ओली लागली तरी मलाच बोलणी. वसंतात अंग झाकून ठेवा आणि शरदात थोडा गारठा सोसा, अशी इथली जुनी म्हण आहे. कपडे कमी करायचे तेही वरून खाली. आधी जाकीट, मग स्वेटर आणि पायातली जाड विजार सगळ्यात शेवटी.

यामागचा विचार मला हळूहळू कळत गेला. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा दोन हजार वर्षांहून जुना ग्रंथ. त्यात प्रत्येक ऋतूची दिनचर्या दिली आहे. वसंतात उशिरा झोपा पण लवकर उठा, अंगणात मोकळेपणाने फिरा, केस सैल सोडा आणि मनावर ताण ठेवू नका. वसंत हा ‘काष्ठ’ तत्त्वाचा ऋतू. त्याचा रंग हिरवा, त्याचा अवयव यकृत आणि त्याची भावना राग. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. शरीरातल्या प्रवाहाला वाट करून देणाऱ्या कार्याला दिलेलं ते नाव आहे. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्यांनी सांगून ठेवलंय की वसंतात आंबट कमी करा आणि गोड वाढवा. गोड म्हणजे साखर नव्हे. कोनफळासारखे कंद, सुकवलेल्या लाल बोरांसारखी फळं, भात, असं पोटाला सोसणारं गोड.

नायनाय ग्रंथाबिंथाचं नाव काढत नाहीत. त्या मला मंडईत घेऊन जातात. वसंतातल्या रानभाज्यांचं वेड नानजिंगकरांइतकं क्वचितच कुणाला असेल. त्यातल्या आठ भाज्यांना इथे ‘सात डोकी, एक मेंदू’ म्हणतात. डोक्यांत येतात मालानथौ, वाटाण्याचे कोवळे शेंडे, गोजीच्या झुडपाचे शेंडे, श्यांगछुनची तांबूस पालवी, आणि मेंदू म्हणजे शेवंतीच्या कुळातली एक कडसर पालेभाजी. ती अंडं घालून सूपमध्ये शिजवतात आणि खाल्ली की जिभेवर गारवा येतो. जीत्साय नावाची भाजी तर मुळासकट विकतात. चांद्रपंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला फुलावर आलेल्या जीत्सायच्या जुड्या पाण्यात उकळून त्यातच अंडी शिजवतात. अंड्यांची टरफलं हिरवट होतात आणि घरभर ओल्या गवताचा वास सुटतो.

एप्रिल हा मात्र माझ्या नाकाचा वैरी. १९२९ साली चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांचं पार्थिव बीजिंगहून इथे आणलं, त्या सुमारास शहरात लावलेले प्लेन वृक्ष आज रस्त्यांवर कमानी धरून उभे आहेत. वसंतात त्यांच्या फळांचं पिवळट तूस वाऱ्यावर उडतं. शिंका, डोळ्यांना खाज, जड डोकं. शेवटी मी चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात गेले. तिथे मोबाइलवर नाव नोंदवायची आणि रक्त तपासायचीही सोय होती. डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट छोट्या उशीवर ठेवलं आणि तीन बोटांनी आधी एका हाताची, मग दुसऱ्या हाताची नाडी बराच वेळ पाहिली. जीभ बघून म्हणाल्या, “कडेला दातांचे ठसे आहेत, वर पांढरा थर आहे. अंगात ओलावा साठलाय.” झोप, शौच, तळपायांचा गारवा, चिडचिड, सगळं विचारलं. ज्येष्ठमध लिहिण्याआधी रक्तदाब विचारला, कारण त्याने तो वाढू शकतो. मुख्य औषधं तीन, ह्वांगछी, बायचू आणि फांगफंग. वारा अडवणारा जेडचा पडदा, असं या जुन्या योगाचं नाव. काढा रुग्णालयातच उकळून, पिशव्यांत भरून मिळाला. आधी मातकट, मग कडू आणि शेवटी किंचित गोड.

शिंका कमी झाल्या. पण मी मास्क लावत होते, बाईंच्याच सांगण्यावरून मिठाच्या पाण्याने नाक धूत होते आणि तूसही ओसरत आलं होतं. तेव्हा श्रेय काढ्यालाच द्यावं, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. फरक जाणवला तो चालण्याचा आणि लवकर उठण्याचा. श्वानवू तलावाकाठी पहाटे म्हातारी मंडळी ‘बा द्वान जिन’ हे आठ हालचालींचे संथ व्यायाम करतात, काही जण झाडाच्या खोडावर पाठ आपटून घेतात. त्यांच्यात मी आता रुळले आहे.

पाडव्याला आईचा व्हिडिओ कॉल आला. कडुनिंबाची चटणी झाली आणि कैऱ्या आल्या म्हणून पन्हंही. नायनाय शेजारीच बसल्या होत्या. वसंतात आंबट आणि तेही गार, म्हणून त्या हादरल्याच. मी सांगितलं, पुण्यात आत्ता पारा छत्तीस-सदतीसवर आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग तो तुमचा उन्हाळाच की! उन्हाळ्यात आम्हीही आंबट प्लमचं सरबत पितो.” आपल्या आयुर्वेदातल्या वाग्भटानेही वसंतात आंबट टाळायला सांगितलंय, पण पुण्यातल्या चैत्राच्या दुपारी वसंत उरलेला असतो कुठे?

म्हणून इंटरनेटवर ‘चिनी वसंत डिटॉक्स’ वाचून पुण्या-मुंबईत पुड्या मागवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तसं करू नका. चिनी वनौषधींतल्या काहींनी मूत्रपिंडं कायमची निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. कुठलाही काढा घेत असाल तर तो आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. नानजिंगकरांकडून घ्यायचंच असेल तर एवढं घ्या: पहाटे चाला, हवा बघून कपडे घाला आणि आपल्या मंडईत त्या आठवड्यात आलेली ताजी भाजी खा.