तुळशीबागेंत एक दुपार

लग्न ठरलें आणि पुण्याच्या तुळशीबागेची आठवण झाली नाहीं, असें घर आमच्या वाईंत शोधूनही सांपडावयाचें नाहीं. खरेदीची यादी कितीही नीट लिहिलेली असो, तिच्या शेवटीं ‘उरलेलें तुळशीबागेंत’ ही एक ओळ असावयाचीच. गेल्या मार्गशीर्षांत पुतणीच्या लग्नाची अशीच यादी घेऊन आम्ही पुण्यास निघालों. बरोबर आई, वहिनी आणि स्वतः नवरी अशा तिघी होत्या. खरेदी यथासांग झाली. परंतु तिचा हिशेब देण्यासाठीं हा लेख नाहीं. आमच्या घरावर कित्येक महिने बसलेली एक धास्ती त्या दिवशीं कशी उठली, आणि तिच्या निमित्तानें रोजच्या वापरांतील चार जिनसांविषयीं आम्हांस काय कळलें, हें वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत वहिनींच्या कपाळावर, बरोबर टिकली लावण्याच्या जागीं, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका दिसूं लागला. त्यांनीं तो झांकण्यासाठीं थोडी मोठी टिकली घेतली. ठिपका वाढला तशी टिकली वाढली, आणि टिकली वाढली तसा ठिपकाही वाढला. घरांत उघडपणें कोणीच कांहीं बोललें नाहीं. पण ‘कोड’ हा शब्द प्रत्येकाच्या मनांत येऊन गेला होता. लग्नाची सुपारी फुटल्यावर आमच्या नात्यांतील एका बाईंनीं आपल्या मतें शहाणपणाची सूचना केली, कीं सीमांतपूजनाच्या वेळीं औक्षणास दुसरी कोणी तरी उभी करावी. उगीच वरपक्षाच्या मनांत शंका नको. वहिनींनीं तें ऐकलें आणि शांतपणें म्हणाल्या, “मी माजघरांतच असेन.” मुलीच्या लग्नांत तिच्या आईनें माजघरांत बसावें, ही गोष्ट आमच्या आईस सोसली नाहीं. यादीच्या शिरोभागीं तिनें स्वतःच्या हातानें लिहिलें, ‘आधीं डॉक्टर’.

सकाळीं खंबाटकी ओलांडून दहाच्या सुमारास स्वारगेटला उतरलों. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना जवळच होता. त्यांनीं भिंगांतून कपाळ पाहिलें, अंगावर अन्यत्र असा डाग आहे काय हें विचारलें, आणि नंतर एकच प्रश्न केला: “टिकली किती वर्षें लावतां?” वहिनी म्हणाल्या, “पंचवीस तरी झालीं.” बाईंनीं मग जें सांगितलें तें आमच्यापैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. टिकलीच्या पाठीस जो डिंक असतो, त्यांतील कांहीं प्रकारांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल नांवाचें एक द्रव्य असतें. कातडीस रंग देणाऱ्या पेशींस तें बाधतें, आणि संवेदनशील कातडीवर रोज एकाच जागीं तें टेंकत राहिलें म्हणजे तेथील रंग नाहींसा होतो. आपल्या देशांतील डॉक्टरांनीं १९९० सालींच याविषयीं लिहून ठेविलें आहे. म्हणजे ज्या टिकलीनें वहिनी तो डाग झांकीत होत्या, तीच त्याचें कारण होती!

“हें आईकडून मुलीकडे जातें काय?” असें आईनें सरळ विचारलें. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डिंकाचा डाग वारशानें कसा जाईल, आजी? आणि खरें कोड असतें तरी तें शिवल्यानें कोणास झालें नसतें. माजघरांत बसणें हें कोणत्याच डागावर औषध नव्हे.” टिकली त्याच क्षणीं बंद झाली. लावावयास मलम मिळालें. कित्येकांचा रंग महिन्यांनीं हळूहळू भरून येतो, कांहींचा पुरता येत नाहीं, हेंही बाईंनीं लपविलें नाहीं. कुंकू लावावयाचें असल्यास डाग सोडून लावावें; तत्पूर्वीं तें आठवडाभर कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें, आणि खाज वा लाली आली तर तें कितीही चांगल्या दुकानचें असो, टाकून द्यावें, असें त्यांनीं बजावलें.

स्वारगेटहून मंडईपर्यंत जमिनीखालून जाणारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरांत सुरू झाली आहे. एकच स्थानक जावयाचें. पण आईस त्या सरकत्या जिन्याचें फार अप्रूप वाटलें. वर येऊन मंडईचा अष्टकोनी मनोरा मागें टाकला, कीं तुळशीबाग हांकेच्या अंतरावर येते. नांवाप्रमाणें येथें पूर्वीं तुळशीची बाग होती. पेशवाईंत नारो आप्पाजी खिरे यांनीं तेथें रामाचें देऊळ बांधविलें, आणि त्यांच्या घराण्यास तुळशीबागवाले हेंच नांव पडलें. पुण्याच्या मानाच्या गणपतींतील चौथा गणपति याच जागेचा. आज बाग उरली नाहीं. राम आहे, आणि रामाच्या भोंवतीं बाजार आहे. पितळी समया, ताम्हनें, पोरींच्या भातुकलीचीं इवलींशीं भांडीं, बांगड्या, केसांचे चाप, ओठांचे रंग, अशी ती रांग संपतां संपत नाहीं. देवळाच्या आवारांत शिरलें म्हणजे मात्र बाहेरचा कलकलाट एकाएकीं ओसरतो. तेथें घटकाभर बसून, रामास नमस्कार करून, आम्ही कुंकवाच्या दुकानाकडे वळलों.

दुकानदार वयस्क व बोलका होता. आलेल्या प्रत्येक बाईपुढें कुंकवाची डबी धरावयाची हा त्याचा रिवाज. त्यानें ती सवयीनें आईपुढेंही धरली, आणि तिच्या कपाळाकडे लक्ष जातांच ओशाळून हात मागें घेतला. वडील जाऊन पंधरा वर्षें झालीं. तेव्हांपासून आईनें कुंकवास बोट लाविलेलें नाहीं. तिनें मात्र हात पुढें करून डबींतील चिमूट तळव्यावर घेतली. “लावायचं नसलं, तरी पारखायला काय हरकत आहे, दादा? ह्यांत हळद किती आणि नुसता रंग किती, तें सांगा.”

तो हंसला, आणि त्यानें तीन डबे पुढें मांडले. लखलखीत गुलाबी झांकेचा डबा सर्वांत स्वस्त. “हें पूजेला नेतात, आजी. कपाळासाठीं विचाराल, तर हें घ्या,” असें म्हणून त्यानें तिसऱ्या डब्याकडे बोट दाखविलें. त्यांतील कुंकू काळपट लाल, डोळ्यांत न भरणारें होतें. आईनें पाण्याचे दोन पेले मागवून दोहोंची चिमूट दोहोंत टाकली. पहिल्यांत गुलाबी धारा सुटल्या आणि पाहतां पाहतां सारें पाणी रंगलें. दुसऱ्यांत बहुतेक पूड तळाशीं बसली व पाणी जेमतेम पिवळसर झालें. हळदीचा रंग पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, कृत्रिम रंग तत्काळ विरघळतो, हें त्यांतील मर्म.

मग तेथेंच पायरीवर बसून आईनें नातीस आपल्या माहेरचें कुंकू कसें होत असे तें सांगितलें. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसांत भिजत घालावयाचे, त्यांत सवागी आणि तुरटी टाकावयाची, रस मुरेपर्यंत रोज ढवळावयाचें, सावलींत वाळवावयाचें, कुटावयाचें आणि वस्त्रगाळ करावयाचें. कपाळावर आधीं मेणाचें बोट, आणि त्यावर कुंकू. हळदीस चुना लागला कीं ती लाल होते हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो रंग कच्चा, लिंबाच्या थेंबासरशीं पुन्हां पिवळा होणारा. सवागी व आंबट रस यांच्या योगानें हळदीपासून जें लाल द्रव्य होतें, तें त्याहून टिकाऊ. रसायनशास्त्राचें पुस्तक न उघडतां आमच्या आज्यापणज्यांस हें ठाऊक होतें.

परंतु जुनें तेवढें निर्दोष, असेंही आईचें म्हणणें नव्हतें. शेंदूर हा शिशापासून होतो. तो मारुतीस शोभतो, माणसाच्या कपाळास नव्हे, असें ती म्हणाली. सुरम्यांतही पुष्कळदां शिसें असतें. आणि घरीं दिव्यावर धरलेलें काजळ तिनें मुलांच्या डोळ्यांत हौसेनें घातलें असलें, तरी डॉक्टर नको म्हणतात म्हणून पतवंडांच्या डोळ्यांत तें घालूं देणार नाहीं, असेंही तिनें सांगून टाकलें. नवरीनें आपल्यासाठीं ओठांचा रंग आणि तोंडास लावावयाचें क्रीम घेतलें, तेव्हां आई रागावेल असें आम्हांस वाटलें होतें. ती म्हणाली, “आमच्या वेळीं अफगाण स्नो नव्हती काय?” तें खरेंच. मुंबईच्या पाटणवाला यांची ती स्नो १९१९ पासूनची, आणि लॅक्मे १९५२ सालची. हीं खुळें आजचीं नव्हेत. आईनें फक्त वेष्टण उलटवून कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक, घटक आणि मुदतीची तारीख नातीकडून मोठ्यानें वाचून घेतली. रंगासाठीं शिसें किंवा आर्सेनिक वापरण्यास आपल्याकडे कायद्यानें मनाई आहे. पण ज्या पुडीवर करणाराचें नांवच नाहीं, तिला कायदा कोठें गांठणार? पेल्यांतल्या पाण्यानें रंग ओळखतां येतो, शिसें ओळखतां येत नाहीं. म्हणून सुटी पुडी न घेतां नांव-पत्ता छापलेली डबीच आम्हीं घेतली.

शेवटीं काष्ठौषधींच्या दुकानांतून रिठे, शिकेकाई, वेखंड व उटण्यासाठीं नागरमोथा, आणि कापडाच्या दुकानांतून दोन वार मलमल घेतली. मलमल कशास, असें नवरीनें विचारलें, तेव्हां परतीच्या गाडींत आईनें तिला लुगड्यांचा दुसरा धडा दिला. रेशीम हें केंसासारखें असतें. धुण्याच्या तिखट साबणानें तें निर्जीव होतें, म्हणून सोवळ्याचा मुकटा रिठ्याच्या कोमट पाण्यांत बुचकळावा, पिळूं नये, आणि सावलींत वाळवावा. जरीचा शालू मात्र घरीं पाण्यांत घालूंच नये. तो मलमलींत गुंडाळून ठेवावा आणि दोनतीन महिन्यांनीं घडी मोडून दुसरीकडे घालावी. एकाच घडीवर जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यांत ठेवावी. आणि सुती लुगड्यावर हळदीचा डाग पडून तो साबणानें लाल झाला, तर घाबरूं नये. तो कुंकवाचाच चुलतभाऊ. स्वच्छ पाण्यानें खळबळून उन्हांत टाकावें. हळदीचा रंग उन्हापुढें टिकत नाहीं.

घरीं आल्यावर वहिनींनीं आठवडाभर कोपराशीं कुंकू लावून पाहिलें. कांहीं बाधलें नाहीं. तरीही त्या आरशापुढें डबी उघडीत आणि मिटून ठेवीत. लग्न माघांत होतें. तोंवर डागाच्या कडेस तिळाएवढे रंगाचे ठिपके आले होते, पण डाग होताच. सीमांतपूजनाच्या संध्याकाळीं साऱ्या जणी तयार झाल्या, आणि वहिनी करंडा घेऊन आईच्या खोलींत गेल्या. “आई, डाग सोडून नेमकं कुठं लावायचं, तें मला कळत नाहीं. तुम्हीच लावा.” आईनें एकदां सुनेकडे पाहिलें आणि एकदां करंड्याकडे. मग अनामिकेनें मेण लावून डागाच्या वर, भांगाखालीं, बारीक टिळा रेखला. आम्ही दारांत उभे होतों. कोणी कांहीं बोललें नाहीं.

औक्षण वहिनींनींच केलें. तबकाच्या उजेडांत डाग स्पष्ट दिसत होता. विहीणबाईंनीं पाहिला आणि हळूच विचारलेंही. आईनें लपवालपवी न करतां उत्तर दिलें, “टिकलीच्या डिंकाचा डाग आहे. भरून येतोय.” विहीणबाईंचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. “आमच्या धाकट्या जावेचं असंच झालंय हो. ती तर चार महिने कुणाकडे जात नाहीं. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल काय?” पंगती उठल्यावर पहिलें काम आम्हीं केलें तें हेंच, आहेराच्या पाकिटाच्या पाठीवर तो पत्ता लिहून दिला.

भाजी निवडतांना आपण पालटून पाहतों, तूप घेतांना वास घेतों. आणि जी वस्तु वर्षानुवर्षें कपाळीं लावावयाची, तिच्यांत काय आहे हें विचारीत नाहीं. वाचकभगिनी तुळशीबागेंत जातील तेव्हां त्यांनीं एवढें अवश्य विचारावें. विचारण्यास पैसे पडत नाहींत, आणि चांगला दुकानदार पाण्याचा पेला आनंदानें देतो.